गोणीतला तांदूळ आणि ताटातला भात



आजचा आपला विषय तांदूळ. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, तांदळावर भाषण कशाला? तांदूळ आम्ही रोज निवडतो, रोज शिजवतो, रोज खातो. त्यात शिकायचं काय?" आम्ही म्हणतो, पुष्कळ आहे. जी वस्तू रोज हाताखालून जाते तिच्याकडेच आपले लक्ष नसते.

आम्ही शाळेत असताना मुलांना विचारत असू, "तांदूळ कोठून येतो रे?" मुले म्हणत, "वाण्याकडून." कोणी म्हणे, "रेशनच्या दुकानातून." उत्तर खोटे नव्हे, पण अपुरे. वाण्याकडे तो कोठून येतो? त्याच्या आधी कोठे असतो? वाटेत किती हात लागतात? आणि एखादा हात मधूनच निघाला तर आपल्या चुलीवर काय शिजेल? या प्रश्नांचा आज विचार करू.

तुर्भ्याच्या या वर्गात आज तीन प्रकारची मंडळी बसली आहेत. काही माथाडी बंधू आहेत. ते बाजारात गोण्या उचलतात. काही भगिनी घरकाम करतात आणि महिन्याच्या महिन्याला रेशन आणतात. काही आगरी-कोळी घरांतल्या आया आहेत. त्यांच्या सासरी एके काळी भातशेती होती. म्हणजे पाहा, साखळीची एकेक कडी प्रत्येकाला ठाऊक आहे. आज सगळी साखळी एकदा सबंध पाहू.

आधी शेतापासून सुरुवात करू. दूर जायला नको. आपण बसलो आहोत तो सगळा प्रदेश भाताचाच होता.

ठाण्याच्या खाडीपासून पनवेल-उरणपर्यंत पूर्वी भाताची खाचरे पसरलेली होती. काही जमीन गोडी, काही खारी. खाऱ्या जमिनीला खारेपाट म्हणतात. खाडीच्या काठाने मातीचे बांध घालून लोक भरतीचे पाणी अडवीत. बांधाला उघाडी ठेवीत. ओहोटी लागली की पावसाचे साठलेले पाणी उघाडीतून बाहेर सोडायचे, भरतीचे पाणी आत येऊ द्यायचे नाही. पहिल्या पावसांनी जमिनीतले मीठ धुऊन जाई. मग चिखलणी, मग लावणी. खाऱ्या जमिनीत तग धरणारे राता नावाचे तांबडे भात लावीत. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने मिठाला दाद न देणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा जाती काढल्या. कर्जतला तर १९१९ सालापासून भाताचे संशोधन चालू आहे. रायगड जिल्ह्याला लोक भाताचे कोठार म्हणत, ते उगीच नव्हे.

आता या बांधाची एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. बांध एकट्याने राखता येत नाही. एकाच्या हद्दीत खांड पडले की पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते. मग ज्याने आपला तुकडा नीट राखला त्याचेही पीक जाते. म्हणून सगळा गाव टोपल्या घेऊन बांधावर येई. आपला बांध आणि परक्याचा बांध असा भेद तेथे चालत नसे.

१९७० साली सिडको हे महामंडळ स्थापन झाले. ठाणे आणि त्या वेळचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या दोन जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखाली शेतकरी लढले. १९८४ सालच्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हा इतिहास येथील मुलाबाळांना माहीत आहे. आज सांगायचे ते एवढेच की, जो मुलूख मुंबईला तांदूळ पुरवीत होता तोच आता बाहेरून तांदूळ आणून खातो. खाचरांच्या जागी रस्ते, इमारती, गोदामे आली. शहर वाढले, खाणारी तोंडे वाढली, आणि शेत मात्र दूर गेले.

मग आता आपला तांदूळ येतो कोठून?

पालघर जिल्ह्यातल्या वाड्याचा कोलम येतो. मावळातला इंद्रायणी येतो. मुळशीकडचा आंबेमोहोर, कोल्हापूरकडचा आजरा घनसाळ हेही येतात, पण ते थोडे आणि महाग. मोठा साठा येतो तो पूर्व विदर्भातून, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतून, आणि छत्तीसगड, मध्य प्रदेश, गुजरात, आंध्र या परप्रांतांतून. बासमती उत्तरेकडून येतो. गोंदियाहून वाशीपर्यंतचे अंतर हजार किलोमीटरच्या आसपास भरते. सकाळच्या डब्यातल्या भाताने एवढा प्रवास केलेला असतो.

विदर्भाचे नाव निघाले म्हणून एका शेतकऱ्याचे नाव सांगतो. दादाजी खोब्रागडे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड या खेड्यात ते राहत. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत. जमीन दीड एकर. पण नजर तीक्ष्ण. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक होता. त्यांनी ते बी वेगळे ठेवले, वर्षानुवर्षे लावून पाहिले. भात चांगला निघाला. व्यापाऱ्याने नाव विचारले, तर नाव कुठे होते! तेव्हा एचएमटी नावाचे घड्याळ फार लोकप्रिय होते, म्हणून तांदळालाही एचएमटी नाव पडले. आज ते नाव दुकानादुकानातल्या पाट्यांवर दिसते. दादाजी २०१८ साली वारले. एचएमटीची पाटी वाचाल तेव्हा त्यांची आठवण ठेवा. शोध लावायला मोठी पदवी लागतेच असे नाही, पाहण्याची सवय लागते.

आता शेतातून भात निघाले. भात म्हणजे तुसासकट दाणा. तो खाता येत नाही. तो गिरणीत जातो. तेथे तूस निघते, कोंडा निघतो, काही दाण्यांची कणी होते. पूर्वी पनवेल, पेण, कर्जत या गावांतून भातगिरण्यांचा आवाज दिवसभर चाले. आता मोठ्या गिरण्या विदर्भात आणि परप्रांतांत आहेत.

येथे थोडे गणित करू. पाटी घ्या. सरकारी हिशेबात १०० किलो भाताचा ६७ किलो तांदूळ धरतात. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे ६७ किलो तांदळाला भाताचीच किंमत पडली २,३६९ रुपये. एका किलोला किती? भागाकार करा. ३५ रुपये ३६ पैसे. यात गिरणीचे दळणावळ नाही, पोत्याची किंमत नाही, ट्रकचे भाडे नाही, गोदामाचे भाडे नाही, हमाली नाही. मग किरकोळ दुकानात तांदूळ चाळीस-पन्नासच्या पुढे का जातो हे कळेल. आणि रेशनचा तांदूळ आपल्याला फुकट मिळतो म्हणजे तो फुकट पिकत नाही, हेही कळेल. त्याचे पैसे सरकारी तिजोरीतून जातात. तिजोरी तुमच्या-आमच्या करांनी भरते. आगपेटी घेतली तरी आपण कर देतो. म्हणून तो तांदूळ दान नव्हे.

गिरणीतून तांदूळ दोन वाटांनी निघतो. एक वाट व्यापाऱ्याची, दुसरी सरकारची.

व्यापाऱ्याची वाट वाशीला येते. पूर्वी मुंबईचा धान्याचा घाऊक व्यापार मशीद बंदराजवळ दाणाबंदरात चाले. गल्ल्या अरुंद, ट्रक मोठे. शहराची कोंडी होऊ लागली, तेव्हा घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे आणले. कांदा-बटाटा आधी आला. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात मसाला, धान्य, फळे, भाजी हेही आले. आज मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचे पाच बाजार येथे आहेत. धान्य बाजारात ट्रक लागला की माथाडींची टोळी पुढे होते. मापाडी तोलतो, हमाल उतरवतो, थप्पी लागते. पूर्वी शंभर किलोची गोणी पाठीवर घेत. मणके झिजत. कामाची हमी नाही, म्हातारपणाची सोय नाही. अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांना एकत्र केले, आणि १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. हातावर पोट असलेल्या माणसाला भविष्यनिर्वाह निधी, रजा, दवापाणी मिळण्याची वाट त्याने उघडली. मुंबईच्या ताटातला भात कोणाच्या तरी पाठीवरून येतो, हे जेवताना विसरू नये.

सरकारची वाट निराळी. शेतकरी आपले भात सरकारी खरेदी केंद्रावर हमीभावाने देतो. ते गिरणीत भरडून तांदूळ गोदामात जातो. १९६५ सालच्या जानेवारीत भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले, तेव्हापासून देशभर धान्य घेणे, साठवणे, नेणे हे काम ते करते. गोदामातून तालुक्याला, तालुक्यातून रास्त भावाच्या दुकानात, आणि दुकानातून आपल्या पिशवीत.

इथवर तुम्ही म्हणाल, "समजलं गुरुजी. शेत पिकलं की तांदूळ येतो." थांबा. येथेच मोठी चूक होते. शेत पिकले म्हणजे पोटात पोचलेच असे नाही. याचा एक जुना दाखला ऐका.

साल १९४२. महायुद्ध चालू होते. त्या काळी ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात वर्षाला सुमारे १० ते १५ लाख टन तांदूळ येई. मुंबईत आणि कोकणात रंगूनचा तांदूळ घरोघर खात. १९४२ च्या मार्चमध्ये जपानी फौजांनी रंगून घेतले आणि बोटी बंद झाल्या. टंचाई मुंबईला भासली, तशीच कलकत्त्याच्या बाजूलाही भासली.

मुंबईत काय झाले? १९४३ च्या मे महिन्यात शहरात रेशनिंग सुरू झाले. देशातल्या मोठ्या शहरांत हे पहिले. घरोघर माणसे मोजली, कार्डे दिली, दुकाने ठरवून दिली. श्रीमंताला जेवढे, तेवढेच मजुराला. तांदूळ कमी होता, जाडा होता, खडे होते. लोक कुरकुरत रांगेत उभे राहिले. पण जगले.

बंगालात काय झाले? तेथे सरकारने शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून नदीकाठच्या लोकांच्या नावा काढून घेतल्या. बंगालात रस्त्यांचे काम नद्याच करतात. नाव गेली म्हणजे धान्य हलायचे कसे? त्यातच १९४२ च्या ऑक्टोबरात मोठे वादळ झाले. भाव चढू लागले. कलकत्त्यात डिसेंबर १९४२ मध्ये तांदूळ मणाला १३-१४ रुपये होता, तो मे १९४३ मध्ये ३० च्या वर गेला. ज्याच्याजवळ साठा होता त्याने तो दाबून ठेवला. खेड्यातला शेतमजूर, मच्छीमार, कारागीर यांची मजुरी होती तेवढीच राहिली. कलकत्त्यात पुरते रेशनिंग सुरू व्हायला १९४४ च्या जानेवारीची अखेर उजाडली. तोवर खेड्यांतली माणसे भाताची पेज मागत शहरात येऊन रस्त्यांवर मेली. त्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे दगावली असा अंदाज आहे.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. अमर्त्य सेन हे मोठे अर्थशास्त्रज्ञ. त्यांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी जुने आकडे तपासले आणि दाखवून दिले की, १९४३ साली बंगालात धान्य १९४१ सालापेक्षा कमी नव्हते, उलट जास्तच होते. आणि १९४१ साली दुष्काळ पडला नव्हता. मग माणसे का मेली? धान्य होते, पण ते विकत घ्यायची ताकद गरिबाच्या हातात नव्हती, आणि ते त्याच्यापर्यंत पोचवायची व्यवस्था वेळेवर उभी राहिली नाही.

ही गोष्ट नुसती बंगालची नाही. आपल्या रायगडातही तिची दुसरी बाजू दिसली होती. अलिबाग तालुक्यातल्या चरी, कोपर या गावांकडची कुळे भात पिकवीत, पण खळ्यावरून खोताचा वाटा गेला की पिकवणाऱ्याच्याच घरी उपास पडे. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली कुळांनी संप केला. जमीन कसायचीच नाही असे ठरवले. १९३९ पर्यंत, सहा वर्षे, ते टिकून राहिले. डॉ. आंबेडकरांनी त्यांना पाठिंबा दिला. म्हणजे पाहा, पिकवणे ही एक गोष्ट आणि मिळणे ही दुसरी गोष्ट. दोहोंच्या मध्ये हक्क असावा लागतो. आजच्या भाषणातून एवढे एकच वाक्य घरी नेलेत तरी पुरे.

पिकवण्याच्या बाबतीत आपला देश पुढे आला आहे यात शंका नाही. १९५०-५१ साली देशात सुमारे २ कोटी टन तांदूळ झाला होता. २०२३-२४ साली तो १३ कोटी ७८ लाख टन झाला. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी लोकांना सोमवारी एक वेळचे जेवण सोडायला सांगितले होते, इतकी तंगी होती. पुढे १९६६ साली फिलिपाइन्समधल्या संस्थेने आयआर-८ ही बुटकी, भरपूर पिकणारी जात काढली. १९६८ साली आपल्याकडे जया ही जात आली. कालवे, खते, हमीभाव यांची जोड मिळाली. आज जगाच्या बाजारात जो तांदूळ विकला जातो त्यातला सुमारे ४० टक्के भारताचा असतो. २०२३ साली पाऊस आणि भाव यांची काळजी वाटली म्हणून आपल्या सरकारने २० जुलैला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. तेव्हा परदेशांत तांदळाचे भाव पंधरा वर्षांत चढले नव्हते इतके चढले. आफ्रिकेतल्या गरीब घरांना त्याची झळ लागली. ती बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. आपण बर्माच्या बोटीची वाट पाहत होतो, तशी आता दुसरी माणसे आपल्या बोटीची वाट पाहतात.

आणि पिकले तरी वाट अडू शकते, हे आपण २०२० साली डोळ्यांनी पाहिले. करोनाची साथ आली. मे महिन्यात वाशीचे बाजार आठवडाभर बंद ठेवावे लागले. गोदामे भरलेली होती. शेतकऱ्याकडेही माल होता. पण उतरवणारा हात आजारी, ट्रक चालवणारा गावी गेलेला. धान्य होते, वाट अडली होती. ज्यांच्या घरी दोन महिन्यांचा साठा होता त्यांना काही वाटले नाही. रोजच्या मजुरीवर रोजचा किलोभर तांदूळ आणणाऱ्याचे हाल झाले. त्या वेळी रेशनवर माणशी ५ किलो जादा धान्य फुकट मिळू लागले. कित्येक चुली त्यावर पेटल्या.

आता आपल्या हक्काकडे येऊ. २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. आपल्या राज्यात तो २०१४ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. राज्यातली सुमारे ७ कोटी माणसे त्याखाली येतात. कायदा काय सांगतो ते चार वाक्यांत सांगतो. लिहून घ्या.

पहिले. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, घरात माणसे कितीही असोत. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट झाले, आणि १ जानेवारी २०२४ पासून ही सोय पाच वर्षांसाठी वाढवली.

दुसरे. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या वडील स्त्रीचे नाव असावे. तिचे वय १८ किंवा अधिक हवे. भगिनींनो, हे नीट ऐका. कार्ड तुमच्या नावाचे आहे. ते तुम्हांला वाचता आले पाहिजे.

तिसरे. गाव सोडले म्हणून हक्क सुटत नाही. २०१९ सालापासून एक देश एक रेशनकार्ड ही योजना सुरू झाली. तुमचे कार्ड बीडचे असो, यवतमाळचे असो, बिहारचे असो, येथील दुकानात अंगठा लावून धान्य घेता येते. घरची माणसे गावी राहिली असतील तर ती आपला भाग तेथे घेऊ शकतात.

चौथे. हक्काचे धान्य मिळाले नाही तर त्याबद्दल भत्ता मागता येतो, तक्रार करता येते. दुकानावर दक्षता समिती असते. तक्रारीचा फुकट दूरध्वनी क्रमांक १९६७ आहे.

कायदा चांगला आहे. पण कायदा कागदावर असतो, आणि कागद वाचावा लागतो. आता तुम्ही वर्गात येता त्याचे मोल कळेल.

मागल्या वर्षी एका वस्तीतल्या बाई आमच्याकडे आल्या. घरात पाच माणसे. त्या दर महिन्याला धान्य आणीत, पिशवी उचलून पाहत आणि म्हणत, आहे बरोबर. वर्गात अंक शिकल्या. एके दिवशी यंत्रातून निघालेली पावती त्यांनी दुकानाबाहेर उभे राहून वाचली. पावतीवर २५ किलो. घरी येऊन शेजारच्या काट्यावर पिशव्या ठेवल्या, तर २२. त्या भांडल्या नाहीत. पावती घेऊन परत गेल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, इथं पंचवीस लिहिलंय. तीन किलो राहिलंय." दुकानदाराने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा पावतीकडे पाहिले, आणि तीन किलो तोलून दिले. पुढल्या महिन्यात त्यांच्याबरोबर गल्लीतल्या सहा जणी पावती वाचत उभ्या होत्या. तीन किलो म्हणजे किती? पाच माणसांच्या घरात तीन-चार वेळची जेवणे. वर्षाचे ३६ किलो. एवढे धान्य एका कागदावरच्या दोन अंकांत होते.

वाचता येत नसले की आणखी एक नुकसान होते. माणूस अफवेवर विश्वास ठेवतो. काही वर्षांपूर्वी बायका सांगू लागल्या, "रेशनच्या तांदळात प्लॅस्टिक घालतात. ते दाणे पाण्यावर तरंगतात." पुष्कळ घरांत ते दाणे वेचून फेकून दिले. ते प्लॅस्टिक नव्हते. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून त्याचे दाणे केलेले होते, आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात ते साध्या तांदळात घातलेले होते. अंगात रक्त कमी असलेल्या बायका आणि मुले आपल्या देशात फार आहेत, त्यांच्यासाठी सरकारने २०२१ नंतर हे काम वाढवत नेले. मार्च २०२४ पर्यंत सरकारी वाटपाचा सगळा तांदूळ असा पोषणयुक्त झाला. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या माणसासाठी त्या वेळी निराळी सूचना असे. गोणीवर ती तेव्हा छापलेली असे. ज्याला गोणी वाचता आली त्याने दाणे शिजवले. ज्याला आली नाही त्याने फेकले. फेकले तेच नेमके अंगाला हवे होते.

आता शेवटी, आपल्या हातात काय आहे ते सांगतो.

कार्ड नीट जपा. त्यावरची नावे वाचा. घरात सून आली, मूल झाले, कोणी वारले, तर नोंद करून घ्या. कार्डाला आधार जोडलेले आहे की नाही ते पाहा. पावती मागून घ्या आणि वाचा. वजन पाहा. कमी भरले तर गोड शब्दांत पण ठामपणे मागा. एकट्याने भीती वाटत असेल तर चौघी मिळून जा. शेजारची म्हातारी, जिचा अंगठा यंत्रावर उठत नाही, तिला सोबत घेऊन जा, तिच्यासाठी बोला. तिचे धान्य बुडाले तर उद्या आपले बुडायला वेळ लागत नाही. खाचराचा बांध आठवा. खांड कोणाच्याही हद्दीत पडो, पाणी सगळ्यांच्या शेतात येते.

ज्यांची थोडी शेती कर्जत, पेण, पनवेलच्या आतल्या गावांत अजून आहे त्यांनी ती ओसाड टाकू नये. आम्हांला ठाऊक आहे, मजूर मिळत नाही, जमिनीला भाव आला आहे. तरी जवळ पिकलेला तांदूळ दूरच्या वाटेवर अवलंबून नसतो. वाट अडली त्या दिवशी त्याचे मोल कळते.

ताटात घ्याल तेवढेच घ्या. उरला भात तर फोडणीला टाका, कुजवू नका. शितावरून भाताची परीक्षा होते असे आपण म्हणतो. घराचीही परीक्षा शितावरूनच होते. टाकलेले शीत पाहावे आणि घर ओळखावे.

आणि मुलांना शिकवा. कोणी विचारले, "तांदूळ कोठून येतो?" तर मुलाने नुसते "दुकानातून" म्हणू नये. शेतकऱ्याचे नाव घ्यावे, गिरणीचे घ्यावे, माथाडीचे घ्यावे, आणि कार्ड वाचणाऱ्या आपल्या आईचेही घ्यावे. ती या साखळीची शेवटची कडी आहे. शेत हजार किलोमीटर दूर आहे, तिथवर तुमचा-आमचा हात पोचत नाही. ही कडी मात्र आपल्या हातात आहे. ती घट्ट धरा.

पुढच्या बुधवारी येताना प्रत्येकाने आपले रेशनकार्ड आणि या महिन्याची पावती घेऊन यावी. आपण ती फळ्यावर उतरवून वाचू.